‘ड’ जीवनसत्त्व, साखर आणि छातीचा आजार

(विहाराच्या वर्धापन दिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून शिक्षणावर, संघटनेवर, चळवळीवर बोललं जातं. यंदा संयोजकांनी आम्हाला आरोग्यावर बोलायला सांगितलं. आता आम्ही काही डॉक्टर नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमच्या दोन रांगांमध्ये फेऱ्या मारण्यात उमेद गेली. शाळा लवकर सुटली, पुढचं जे काही शिक्षण झालं ते पाळी सुटल्यावर वाचनालयात बसून झालं. त्यामुळे आम्ही इथं कोणाला औषध सांगणार नाही. डॉक्टरांनी जे शोधून काढलं, तपासून पाहिलं, ते आपल्या भाषेत आपल्यापुढे मांडणार आहोत.

विषय निवडायला एक कारण घडलं. गेल्या पावसाळ्यात वस्तीत घरोघरी सर्दी-तापाची साथ होती. तेव्हा आपल्यातल्या काही तरुणांनी सूचना केली की, विहाराच्या वर्गणीतून प्रत्येक घराला ‘ड’ जीवनसत्त्वाच्या पुड्या वाटाव्यात, म्हणजे पुन्हा करोनासारखा आजार आला तरी वस्ती सुरक्षित राहील. सूचना चांगल्या मनानं केलेली आहे, याबद्दल शंका नाही. पण वर्गणी कष्टाची आहे. ती खर्चण्याआधी पुडीनं खरोखर काय होतं आणि काय होत नाही, हे समजून घेतलं पाहिजे.

आधी थोडं मागं जाऊ. १५ मार्च २०२० रोजी आपल्या शहरात करोनाचा पहिला रुग्ण सापडला. परदेशातून परतलेल्या एक बाई होत्या. एप्रिल-मेपर्यंत आजार दाट वस्त्यांमध्ये शिरला. १० ते १८ जुलै २०२० ची कडक संचारबंदी आपल्याला आठवत असेल. मग २०२१ चा मार्च-एप्रिल आला. घाटी, चिकलठाण्याची मिनी घाटी, मेल्ट्रॉन ही नावं तेव्हा प्रत्येक घरात तोंडपाठ झाली. आपल्या वस्तीनंही माणसं गमावली. त्या काळात मोबाईलवर रोज नवा उपाय यायचा. काढा, वाफ, झिंक, आणि त्यात ही ‘ड’ची पुडी. बाकीचे उपाय मागं पडले, पुडी मात्र अजून लोकांच्या मनात घर करून आहे.

तर हे ‘ड’ जीवनसत्त्व म्हणजे नेमकं काय? नाव जीवनसत्त्व, पण काम संप्रेरकाचं. संप्रेरक म्हणजे ज्याला डॉक्टर हार्मोन म्हणतात ते. शरीरात एका ठिकाणी तयार व्हायचं, रक्तातून दुसऱ्या ठिकाणी जायचं आणि तिथं निरोप पोचवायचा, हे त्याचं काम. ‘क’ जीवनसत्त्व आवळ्यातून, पेरूतून मिळतं, शरीर ते तयार करत नाही. ‘ड’चं तसं नाही. आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या नात्यातला एक पदार्थ असतो. उन्हातले अतिनील किरण त्यावर पडले की त्याचं ‘ड’ होतं. तिथून ते यकृतात जातं, तिथं त्याच्यावर पहिली प्रक्रिया होते. रक्ततपासणीत जे मोजतात ते हे यकृतातून निघालेलं ‘ड’. पुढे मूत्रपिंडात दुसरी प्रक्रिया झाली की ते कामाला लागतं. म्हणजे गिरणीसारखंच झालं. कापूस आला म्हणजे सूत झालं असं नाही, ब्लोरूम, कार्डिंग, ड्रॉइंग, सिंप्लेक्स, मग रिंगफ्रेम. मधलं एक खातं बंद पडलं तरी शेवटी बॉबिन रिकामी. म्हणून ज्यांचं यकृत किंवा मूत्रपिंड खराब आहे, त्यांची गोष्ट वेगळी असते, त्यांनी स्वतःच्या मनानं पुड्या घेऊच नयेत.

या संप्रेरकाचं मुख्य काम अन्नातलं कॅल्शियम आतड्यातून ओढून घेण्याचं. ते कमी पडलं तर लहान लेकरांचे पाय वाकतात, त्याला मुडदूस म्हणतात. मोठ्यांची हाडं ठिसूळ आणि दुखरी होतात, मांड्यांत बळ राहत नाही, खाली बसलं की उठवत नाही. दुसरं कामही आहे. रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी हे ‘ड’ स्वतःच कामाला लावू शकतात आणि त्याच्या निरोपावरून जंतू मारणारी काही प्रथिनं तयार करतात. हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. छातीच्या आजारात ‘ड’ उपयोगी पडेल ही आशा इथूनच निर्माण झाली. आशा खोटी नव्हती, पण आशा म्हणजे पुरावा नव्हे.

आता कोणी म्हणेल, आपल्या मराठवाड्यात ऊन काय कमी आहे? उन्हानं जमीन भाजून निघते, मग ‘ड’ कमी कसं पडेल? प्रश्न बरोबर आहे. पण ऊन आकाशात असून चालत नाही, ते कातडीवर पडावं लागतं. गिरणीतला कामगार पाळीला जातो तो छपराखाली. रात्रपाळीचा माणूस दिवसा खिडकीला गोधडी लावून झोपतो. बाईमाणूस पहाटेपासून चुलीपाशी, गॅसपाशी, मग शिलाई मशीनवर, आणि बाहेर पडली तर अंगभर पदर घेऊन. म्हातारी माणसं खाटेवर. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या पत्र्याचा कड आपल्या दारावर येतो. काचेच्या खिडकीतून येणारं ऊन उबदार वाटतं, पण काच नेमके ‘ड’ बनवणारे किरण अडवते. आणि आपला सावळा रंग म्हणजे निसर्गानं दिलेली छत्री आहे. ती कातडीचं रक्षण करते, पण तेवढंच ‘ड’ बनवायला गोऱ्या माणसाच्या काही पट जास्त वेळ लागतो. वय वाढलं की कातडीची ही ताकदही उतरत जाते. पुण्यात मध्यमवयीन पुरुषांवर एक अभ्यास झाला. त्यात असं दिसलं की, दुपारच्या उन्हात रोज तासाभराहून जास्त वावर असेल तरच रक्तातली पातळी २० च्या वर राहते. २० च्या खाली म्हणजे कमतरता, असं बहुतेक डॉक्टर धरतात. रोज भर दुपारी तासभर उघड्यावर असणारी माणसं आपल्यात किती? बांधकामावरचे गवंडी, हातगाडीवाले, शेतमजूर. बाकीचे आपण छपराखालचे.

म्हणजे कमतरता आहे, हे खरं. पण ती भरून काढली तर विषाणूचा आजार टळतो का? हा दुसरा प्रश्न आहे, आणि सगळा घोळ इथंच होतो.

२०२० साली देशोदेशींच्या दवाखान्यांतून आकडे आले की, करोनानं जास्त आजारी पडलेल्यांच्या रक्तात ‘ड’ कमी आहे. लोकांनी लगेच अर्थ काढला की ‘ड’ कमी म्हणून आजार वाढला. जरा थांबून विचार करा. आमच्या गिरणीत हवेत दमटपणा कमी झाला की सूत वारंवार तुटतं. त्याच कोरड्या हवेत कामगारांचे ओठही फुटतात. आता कोणी म्हणालं की, ज्या दिवशी ओठ फुटतात त्या दिवशी सूत तुटतं, तर ते खरंच आहे. पण म्हणून सगळ्यांच्या ओठांना तूप लावलं तर सूत तुटायचं थांबेल का? नाही थांबणार. दोन्हीचं कारण हवेत आहे. तसंच इथं. म्हातारपण, लठ्ठपणा, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, बंद खोलीतलं जगणं, या प्रत्येकात ‘ड’ कमी असतं आणि या प्रत्येकात करोनाही जोरात होतो. शिवाय शरीरात आजाराचा भडका उडाला की रक्तातली ‘ड’ची पातळी आपोआप खाली येते. मग कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे नुसतं आकडे पाहून कळत नाही.

ते कळायला एकच खात्रीचा मार्ग आहे. माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एका गटाला औषध द्यायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही किंवा तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी द्यायची. मग मोजायचं. असे प्रयोग झाले. २०१७ साली २५ प्रयोगांमधल्या सुमारे ११ हजार माणसांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा रोज किंवा दर आठवड्याला थोडं थोडं ‘ड’ घेणाऱ्यांना सर्दी-तापाच्या आजारापासून थोडं संरक्षण मिळतं असं दिसलं. ज्यांच्यात कमतरता फार होती त्यांना जास्त. एकदम मोठा डोस घेणाऱ्यांना काही मिळालं नाही. २०२० साली स्पेनमधल्या कोर्डोबा शहरात ७६ रुग्णांवर छोटा प्रयोग झाला. ‘ड’चा एक प्रकार दिलेल्या ५० जणांपैकी एकालाच अतिदक्षता विभागात न्यावं लागलं, न दिलेल्या २६ पैकी १३ जणांना. ही बातमी जगभर पसरली आणि औषधाच्या दुकानांतल्या पुड्या संपल्या.

पण पुढे मोठे प्रयोग आले. ब्राझीलमध्ये दवाखान्यात दाखल झालेल्या २४० रुग्णांना दोन लाख युनिटचा एक डोस किंवा बिनऔषधाचा डोस देऊन पाहिलं. दवाखान्यातला मुक्काम काही कमी झाला नाही. ब्रिटनमध्ये सहा हजारांवर लोकांचे गट पाडले, कमतरता असलेल्यांना सहा महिने गोळ्या दिल्या. छातीचे आजार कमी झाले नाहीत, करोनाही नाही. नॉर्वेमध्ये ३४ हजारांवर लोकांचे गट करून एकाला रोज चमचाभर कॉड माशाच्या यकृताचं तेल आणि दुसऱ्याला मक्याचं तेल दिलं. फरक दिसला नाही. हे दोन्ही निकाल २०२२ साली छापून आले. तिथल्या पुष्कळ लोकांत कमतरता फारशी नव्हती, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. शेवटी २०२५ साली सुमारे ६४ हजार माणसांच्या प्रयोगांची बेरीज केली, तेव्हा २०१७ साली दिसलेला थोडासा फायदाही ठामपणे सांगण्याइतका उरला नाही.

कोणी सांगितलं म्हणून, सगळे म्हणतात म्हणून मानू नका, तपासून पाहा आणि मग स्वीकारा, ही शिकवण आपल्याला नवी नाही. ती पोथीतल्या गोष्टींना लावायची आणि मोबाईलवर आलेल्या गोष्टींना लावायची नाही, असं कसं चालेल?

तर मग ‘ड’ निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. हाडांसाठी, स्नायूंसाठी ते पाहिजेच. ज्याला कमतरता आहे त्यानं ती भरून काढलीच पाहिजे. आपल्या देशातल्या तज्ज्ञांनी २०२० साली मोठ्या माणसासाठी रोजची गरज ६०० युनिट ठरवली. अन्नातून ती भागणं कठीण. मासळी, अंड्याचा पिवळा बलक, यकृत यांत थोडंफार असतं. काही दूध आणि खाद्यतेलात ‘अ’ आणि ‘ड’ मिसळलेलं असतं, त्यांच्या पिशवीवर ‘प्लस एफ’ अशी निळी खूण असते, ती पाहून घ्यावी. बाकीचं ऊन देतं. उन्हाची खूण सोपी आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तेव्हाच्या उन्हात ‘ड’ चांगलं बनतं. उन्हाळ्यात आपल्याकडे सव्वानऊ-साडेनऊलाच सावली आखूड होते, म्हणून तेव्हा भर दुपारी जाऊन उष्माघात ओढवून घेऊ नका. डिसेंबरात मात्र ती साडेबाराच्या सुमारासच आखूड होते. हात, पाय, तोंड उघडं ठेवून बसावं, कातडी भाजेपर्यंत नाही.

आणि पुडीबद्दल एक गोष्ट कान देऊन ऐका. दुकानात मिळणारी पुडी बहुधा ६० हजार युनिटची असते. कमतरता असेल तर डॉक्टर ती बहुतेक वेळा आठवड्यातून एक, अशी आठ आठवडे देतात. काही लोक ती रोज घेतात. ‘जीवनसत्त्वच आहे, जास्त झालं तर काय बिघडतं?’ असं म्हणतात. बिघडतं. जादा ‘क’ लघवीतून निघून जातं, ‘ड’ चरबीत साठतं. रक्तात कॅल्शियम वाढतं, मळमळ, उलट्या, सारखी तहान, बद्धकोष्ठ, बडबड सुरू होते आणि मूत्रपिंड कायमचं निकामी होऊ शकतं. म्हणून घरोघरी पुड्या वाटणं म्हणजे कोणाला किती लागते हे न पाहता वाटणं. आम्हाला ते धोक्याचं वाटतं.

आता ज्या संप्रेरकांनी २०२१ साली खरोखर माणसं वाचवली आणि मारली, त्यांच्याकडे वळू. ‘ड’वर इतकी चर्चा झाली आणि यांच्यावर फारच थोडी.

पहिलं इन्शुलिन. पोटामागच्या स्वादुपिंडात तयार होतं आणि रक्तातली साखर पेशींत पोचवतं. ते कमी पडलं किंवा त्याचा निरोप पेशी ऐकेनाशा झाल्या की मधुमेह. देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण आहेत, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं. आपली समजूत अशी की साखर हा जाड्या, खाऊनपिऊन सुखी माणसाचा रोग. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही समजूत मोडली. २००४ साली त्यांनी आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी दोघांचा शेजारी शेजारी उभा राहिलेला फोटो छापला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१ टक्के. आपली माणसं वरून सडपातळ दिसतात, पण चरबी पोटात आत साठलेली असते. पिढ्यान्‌पिढ्यांची उपासमार, आईच्या पोटातच कमी पडलेलं अन्न, याचा त्यात हात आहे. तेव्हा ‘आमचा माणूस तर काटक आहे, त्याला कशाची साखर?’ असं म्हणून बसू नका. त्यात रात्रपाळी. शरीराचं स्वतःचं घड्याळ असतं, रात्री ते जेवण पचवायला तयार नसतं. वर्षानुवर्षं रात्रपाळी करणाऱ्यांत मधुमेह जास्त आढळतो.

दुसरं संप्रेरक कॉर्टिसॉल. दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींत ते तयार होतं. शरीरावर संकट आलं, जोराचा ताप आला की ते वाढतं. ते भडका आवरतं, पण साखर वाढवतं. म्हणून मधुमेह्याला ताप आला की जेवण कमी असूनही साखर चढते. अशा वेळी ‘काही खाल्लं नाही’ म्हणून इन्शुलिन आपल्या मनानं बंद करणं जिवावर बेतू शकतं. डॉक्टरला विचारा.

स्टेरॉइडची गोळी म्हणजे या कॉर्टिसॉलचाच बाहेरून दिलेला भाऊबंद. जून २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या प्रयोगाचा निकाल आला. डेक्सामेथासोन नावाचं जुनं, स्वस्त स्टेरॉइड रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस. व्हेंटिलेटरवर असलेल्या शंभर रुग्णांपैकी एरवी ४१ दगावत होते, औषध दिल्यावर २९ दगावले. लाखो रुपयांच्या इंजेक्शनांच्या काळात या स्वस्तातल्या औषधानं माणसं वाचवली. पण त्याच निकालाचा दुसरा अर्धा भाग वस्त्यांपर्यंत आलाच नाही. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना या औषधाचा काही फायदा झाला नाही, उलट नुकसानीकडे कल दिसला. कारण सरळ आहे. सुरुवातीच्या दिवसांत शरीर विषाणूशी लढत असतं. तेव्हा स्टेरॉइड दिलं म्हणजे आपल्याच पहारेकऱ्याला झोपेची गोळी दिली.

२०२१ च्या उन्हाळ्यात हेच घडलं. कोणाची तरी चिठ्ठी मोबाईलवर फिरायची आणि ताप आल्या दिवशीच घरात स्टेरॉइड सुरू व्हायचं. साखर कोणी तपासायचं नाही. मग काळ्या बुरशीचा रोग आला. म्युकरमायकोसिस. या बुरशीचे कण मातीत, हवेत सगळीकडे असतात, निरोगी माणसाला काही करत नाहीत. पण रक्तात साखर चढलेली आणि स्टेरॉइडनं पहारा ढिला केलेला, अशा शरीरात ती नाकातून शिरते, जबडा, डोळा, मेंदू असा प्रवास करते. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारनं राज्यांना हा रोग साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. महाराष्ट्रात त्याचे रुग्ण खूप होते. ॲम्फोटेरिसिन नावाच्या इंजेक्शनासाठी नातेवाईक गावोगाव फिरले. आमच्या खात्यातल्या एका सोबत्याचा डोळा त्यात गेला. त्याला मधुमेह आहे हे तो करोनातून उठल्यावर कळलं. साखर तपासायला तेव्हा फार पैसे लागत नव्हते, लागत होती ती कोणीतरी ‘तपास’ म्हणायची. त्याच्या घरात ‘ड’ची पुडी मात्र नियमानं येत होती.

आणखी दोन सूचना याच संदर्भात. सांधेदुखीसाठी, दम्यासाठी काही म्हातारी माणसं भोंदू वैदूकडून पुड्या आणतात. चार दिवसांत उड्या मारायला लागतात. अशा पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. ते महिनोन्‌महिने घेतलं की शरीरातली ग्रंथी स्वतःचं काम विसरते. मग ताप आला आणि पुडी अचानक बंद केली तर रक्तदाब कोसळून माणूस जाऊ शकतो. डॉक्टरनं दिलेलं स्टेरॉइडही एकदम तोडू नये, दवाखान्यात गेल्याबरोबर ‘आम्ही अमुक गोळी इतके महिने घेतो’ हे सांगावं. दुसरी सूचना थायरॉइडची. गळ्यातल्या या ग्रंथीचा त्रास आपल्या बायकांत पुष्कळ आहे. तापात ती गोळी चालू ठेवावी. जोराच्या आजारात थायरॉइडचे आकडे तात्पुरते खालीवर होतात, म्हणून तपासणी शक्यतो बरं झाल्यावर करावी. विषाणूचा ताप येऊन गेल्यावर काही आठवड्यांनी गळा पुढून दुखला, धडधड वाढली, हात थरथरले तर मात्र दाखवावं.

आता शेवटच्या आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. छातीचा साथीचा आजार कोणाला मारतो? आपल्या आज्या-पणज्या ‘मानमोडी’ म्हणून ज्या साथीची गोष्ट सांगायच्या, ती १९१८ सालची इन्फ्लुएन्झाची साथ. जूनमध्ये मुंबईच्या गोदीकडून ती शहरात शिरली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तिनं कहर केला. देशभरात कोटीच्या वर माणसं मेली. मुंबईचे तेव्हाचे आकडे जातवार नोंदलेले आहेत. हजार माणसांमागं युरोपियनांत ८ मृत्यू, सवर्ण हिंदूंत १९ च्या आसपास, आणि ज्यांना तेव्हा खालच्या जाती म्हणत त्यांच्यात ६१ च्या वर. विषाणू तोच, शहर तेच, ऊनही तेच. मग हा फरक कोणत्या जीवनसत्त्वाचा होता? तो फरक होता अंधाऱ्या खोलीचा, एका खोलीत दाटीनं झोपण्याचा, रिकाम्या पोटाचा आणि पाणी पाजायलाही कोणी उठू न शकण्याचा. ‘ड’ची कमतरता ही त्या खोलीची एक खूण आहे. खूण पुसून खोली उजेडाची होत नाही.

म्हणून विहाराच्या वर्गणीबद्दल आमचं म्हणणं आम्ही आपल्यापुढे स्पष्ट ठेवतो. पुड्यांऐवजी साखर मोजायचं यंत्र, त्याच्या पट्ट्या, रक्तदाबाचं यंत्र आणि बोटाला लावायचे दोन ऑक्सिमीटर घ्यावेत. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर तिशीवरच्या प्रत्येकाची तपासणी करावी. उपाशीपोटी साखर १०० च्या आत चांगली, १०० ते १२५ म्हणजे सावध, १२६ किंवा वर आली तर दवाखान्यात पुन्हा तपासून घ्यायची. एक वही ठेवावी, नाव आणि आकडा. कोण मधुमेही आहे हे साथ येण्याआधी वस्तीला माहीत असलं पाहिजे. ऑक्सिजन ९४ च्या खाली दिसला तर घरी थांबायचं नाही. ज्या बायांना, म्हाताऱ्यांना हाडांचं दुखणं आहे, उठता-बसता येत नाही, ज्या पोटुशा आहेत, त्यांना डॉक्टरकडे नेऊन ‘ड’बद्दल विचारावं आणि सांगितलं तेवढंच द्यावं. विहाराची गच्ची दिवसा बायकांसाठी, लेकरांसाठी उघडी ठेवावी. निवडणं-टिपणं, शिवणं, अभ्यास तिथं करता येईल, ऊन आपोआप मिळेल. म्हाताऱ्यांना आणि मधुमेह्यांना दरवर्षी फ्लूची लस कुठं मिळते याची चौकशी तरुणांनी करावी. आणि जी घरं नव्यानं बांधली जात आहेत त्यांना समोरासमोर दोन खिडक्या ठेवायचा आग्रह धरावा, कारण बंद हवेत विषाणू साचतो आणि वाहत्या हवेत विरतो. गल्लीतल्या वाढलेल्या पत्र्यांचा प्रश्न महापालिकेकडे न्यायचा की आपसात सोडवायचा, हे आपण सर्वांनी बसून ठरवावं. आमच्या मते आपसात, आणि याच महिन्यात.

तरुण मित्रांनो, तुम्ही सूचना केली म्हणून आम्हाला इतकं वाचावं लागलं, त्याबद्दल आम्ही तुमचे आभारी आहोत. ही तपासणीची वही तुम्हीच सांभाळावी अशी विनंती आहे. हिशेब लिहायला आम्ही येऊ.